बांधीतलं गाणं आमगावात

मुरमाटोला, ता. सडक अर्जुनी
दि. २१ जुलै २०२५

चि. सौ. रेणूस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी चिठ्ठी पोचली. तुझे बाबा मले हसून राहिले. म्हणतात, घरात दोन-दोन मोबाईल असून मायलेकी लिफाफे चिकटवत बसता, पोस्टमनची नोकरी तुमच्यामुळेच टिकून आहे. मी म्हणलं, हसा बापा! तुझ्या सासरी फोन केला की तो ओसरीत लाऊडवर लागतो. विहीणबाई एका अंगाला, चुलतसासू दुसऱ्या अंगाला, आणि मी आपली जेवली का, पाणी पडलं का, याच्यापुढे सरकत नाही. लिफाफ्याले कान नसतात.

इकडे धानाची रोवणी निम्मी आटोपली. पऱ्ह्यातली रोपं यंदा चांगली आली, पण कंबर माझी राहिली नाही. वाकली की वाकलीच, उभं व्हायले दोन बाया लागतात. तुझे बाबा धुऱ्यावर छत्री धरून बसतात आणि सरळ रेघेत लावा म्हणून आम्हाले शिकवतात. त्याले एक दिवस चिखलात ओढतो असं बायांनी ठरवलं आहे.

तू लिहिलं की सासूबाईनं पुन्हा गुरुवारचे उपास लावले आणि कोण्या बाबाचा ताईत आणून तुझ्या गळ्यात बांधला. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षांपासून माझी लेक वांझ म्हणवून घेऊन राहिली, आणि नागपूरच्या डॉक्टरनं दोष सांगितला तो कैलाशरावात. त्यानं हात जोडले म्हणून तू चूप, तू शपथ घातली म्हणून मी चूप. तुझ्या बाबालेही सांगितलं नाही, देवाची आण. पण माय वो, पोटात तरी किती दिवस ठेवू? परवा तुझे बाबा बाजाराले गेले होते, तेव्हा बांधीत रोवता-रोवता गाण्यात निघून गेलं.

लेक दिली आमगावा, तिले वांझ म्हणे बाई,
खोट निघाली जावयात, लेकीत माझ्या नाई.

साऱ्या बायांनी ओळ उचलली, दोघी-तिघी रडल्याही. मले खूप हलकं वाटलं. तू भिऊ नको. बांधीतलं कोणी घरी नेत नाही, हे तुले लहानपणापासून माहीत आहे. मी नवी नवरी होती तेव्हा तुझ्या आजीच्या बाजूलाच वाकून तिच्याच कंजुषीचं गाणं म्हटलं होतं, आणि तिनं मागून सूर धरला होता! घरी आल्यावर भाजीत तेल तेवढंच पडलं, पण त्या गाण्याचा एक शब्द कधी काढला नाही.

त्या दिवशी आपली हर्षिता आली होती, भोजराज भाऊजीची. गोंदियाच्या फोटो स्टुडिओत लागली ना, तिथलं ड्रोन घेऊन आली. म्हणे काकी, ही गाणी मरून राहिली, मी जपून ठेवते. ते यंत्र डोक्यावर फिरू लागलं तशा साऱ्या जणी पदर सावरून, दात काढून उभ्या. मीही. त्याची भणभण एवढी की गाणं त्याले काय ऐकू येणार? लग्नात काढतात तसे फोटो काढून गेली पोट्टी.

पोटभर जेव, गुरुवार गेला खड्ड्यात. जावयाले आशीर्वाद सांग.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आई


आमगाव
दि. २ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तुझी चिठ्ठी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझं गाणं मिळालं. यांच्या पंखे-मोटारींच्या दुरुस्तीच्या दुकानात शेजारचे दुर्गाप्रसाद भाऊ मोबाईल घेऊन आले आणि पाहा पाहा, तुमच्या सासरवाडीची रोवणी दिसून राहिली, असं म्हणून कौतुकानं यांच्या हातात दिला. त्या बिचाऱ्यानं स्वतः पूर्ण ऐकलंच नव्हतं. हिरवीगार बांधी, वरून दिसणाऱ्या रंगीत लुगड्यांची रांग, मग तुझा हसरा चेहरा जवळून, आणि खाली मोठ्या अक्षरात तुझं नाव, गावाचं नाव, रोवणीचं पारंपरिक गाणं. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाईकं होती. आमगावात धुरपताबाईचा जावई एकच आहे, आई.

हे दुपारी घरी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला एवढंच विचारलं की तू कोणाकोणाला सांगितलंस. मी म्हटलं, फक्त आईला. त्यावर हसले. म्हणाले, हो ना, तू आईला सांगितलं आणि आईनं आभाळाला. तेव्हापासून दुकानातच खाटेवर झोपतात.

सासूबाईंकडे साधा फोन आहे, तर गल्लीतल्या उदारामची बायको मुद्दाम आपला मोठा फोन घेऊन आली दाखवायला. सासूबाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का. मी चुलीतलं लाकूड पुढं सारत बसले. त्यावरूनच त्यांना कळलं.

आई, मी तुला सांगितलं होतं त्या दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस की हे मी पोटात घातलं. मला तेवढंच पाहिजे होतं. लोक वांझ म्हणायचे, हळदीकुंकवाला मागे बसवायचे, तान्ह्या पोळ्याला लोकांची लेकरं लाकडी बैल घेऊन दारात आली की माझ्या हातून त्यांना खाऊ द्यायला बायका कचरायच्या. मला ते सहन होत होतं. कारण ते मी स्वतः घेतलं होतं, त्यांना शब्द देऊन. माझ्या डोक्यावरचं ओझं होतं ते. तू कोण ते उतरवून त्यांच्या डोक्यावर आदळणारी? मला विचारलं तरी का?

बांधीतलं बांधीत राहते म्हणे. राहिलं का?

फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

रेणू


मुरमाटोला
दि. ६ ऑगस्ट २०२५

माझी बाई रेणू,
आशीर्वाद लिहायले हात धजत नाही, तरी लिहिते. तू घे.

तुझी चिठ्ठी वाचली आणि तशीच भोजराज भाऊजीच्या घरी गेली. हर्षिता नेमकी घरीच होती. मी तिले म्हणलं, पोरी, तुझ्या त्या यंत्राले तर ऐकू येत नव्हतं! ती म्हणाली, काकी, ड्रोनले ऐकू येतच नाही, म्हणून मी माझा दुसरा मोबाईल चालू करून धुऱ्यावरच्या न्याहारीच्या टोपल्यात ठेवला होता. चित्र वरचं, आवाज टोपल्यातला, मग दोन्ही जोडलं. सांग आता! आम्ही बारा जणी आभाळाकडे पाहून पदर सावरत होतो, आणि ऐकणारा आमच्या भाकरीपाशी बसला होता. कोणी पुरुष धुऱ्यावरून जाताना दिसला की आम्ही गाणं बदलतो, एवढ्या आम्ही हुशार. टोपल्याले कोण भिते?

पोरीच्या मनात काळं नव्हतं, हे मी खोटं नाही सांगत. तिले वाटलं ही जुनीच ओळ असेल, गाण्यात जावई नेहमी वाईटच असतो. खरं काय ते मी सांगितलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. माझ्यासमोर तिनं ते काढून टाकलं. पण म्हणते, काकी, माझ्या इथून निघालं, लोकांनी आपापल्या मोबाईलवर घेऊन ठेवलं ते माझ्या हातात नाही. बालाघाटच्या कोणीतरी तर खाली ढोलक लावून पुन्हा टाकलं. आता माफीचा व्हिडिओ बनवते म्हणत होती. मी हात जोडले. म्हणलं, बाई, एका व्हिडिओनं घर पेटवलं, दुसऱ्यानं तू विझवणार आहेस का?

बांधीतल्या साऱ्या बायांले मी विचारलं. एकीनंही कुठं तोंड उघडलं नव्हतं, रेणू. एकीनंही नाही. पण तेवढ्यानं माझं पाप कमी होत नाही, तेही मले कळते. त्या बायांले तरी मी काऊन सांगितलं? गोष्ट तुझी होती. तुझ्या बाबानं सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मले सांगितलं नाही ते ठीकच केलं, पण मग बांधीले कायले सांगितलं? मले राग आला होता, एवढंच. तुले वांझ म्हणणाऱ्या साऱ्या गावाचा राग. आणि खरं लिहू का? जावयाचाही. तो जेवून-खाऊन मजेत, आणि माझी लेक उपाशी.

आता माझं ऐक. तुझी चिठ्ठी आली की त्या रविवारी मी आमगावले येते. दुकानासमोर चार लोकं जमवते आणि सांगते की मी भांडकुदळ बाई आहे, जावयाशी माझं वाकडं आहे, म्हणून मी हे मनानं रचलं. लोक मले शिव्या देतील, देऊ दे. माझ्या तोंडाले काळं लागलं तर लागलं, या वयात त्याचं काय बिघडते? तू फक्त हो म्हण.

चिठ्ठी टाक बापा, दोन ओळीची का होईना. तुझ्या रागाची चिठ्ठीही मले चालेल.

तुझी चुकलेली
आई


आमगाव
दि. १४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस. रविवारी नाही आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? तू दुकानासमोर उभी राहून ते खोटं होतं म्हटलंस, तर मग वांझ पुन्हा मीच. आणि लोक ते तुझं बोलणंही मोबाईलमध्ये भरून घेतील. गाणं वेगळं, खुलासा वेगळा, दोन्ही गावभर फिरतील. आता यावर कोणी काहीच बोलू नये, एवढंच मला पाहिजे आहे.

तरी इथं काय झालं ते तुला सांगते, कारण तुझ्याशिवाय सांगायला मला कोणी नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. पाचव्या दिवशी गुरुवार होता. मी आपली उपाशी. त्यांनी मला चुलीपाशी बसवलं, माझ्या गळ्यातला ताईत सोडायला लागल्या. गाठ सुटेना म्हणून विळ्यानं दोरा कापला. मग ताट वाढलं, भात, वरण, वरून तूप, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. 

त्यानंतर डोक्यावर पदर घेऊन सरळ दुकानात गेल्या. गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत बाहेर थांबल्या, मग आत जाऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि लेकाशी बोलल्या. काय बोलल्या ते दोघंही सांगत नाहीत. घरी आल्यावर मला फक्त एवढं म्हणाल्या की मी त्याला विचारलं, चार वर्षं मी हिला उपाशी ठेवत होते तेव्हा तू माझ्याच हातानं वाढलेलं ताट कसं जेवत होतास.

आई, त्या दिवशी मी मोरीत जाऊन खूप रडले. मला कळलं की माझाही राग आहे. तुझ्यावर आहेच, तो राहील काही दिवस. पण यांच्यावरही आहे, आणि तो मी चार वर्षं स्वतःला दिसू दिला नाही.

ते अजून दुकानातच झोपतात. मी दोन वेळचा डबा पाठवते. डबा रिकामा परत येतो, निरोप येत नाही. काल मी स्वतः घेऊन गेले तर मान खाली घालून मोटारीची तार गुंडाळत होते. मला म्हणाले की रस्त्यावर कोणी मोबाईलमध्ये पाहून हसलं की मला वाटते माझंच पाहून राहिले. मी म्हटलं, अहो, मोबाईलमध्ये पाहून तर सारी दुनियाच हसते. ते म्हणाले, म्हणूनच तर. त्यांचं वजन उतरलं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी उपचार आहेत म्हणून सांगितलं होतं, पण दवाखान्याच्या बाहेर कोणी ओळखीचं भेटेल म्हणून हे तेव्हाच गेले नाहीत. आता तर घराच्याच बाहेर पडायची लाज. मला भीती वाटते, आई. हा माणूस त्या दुकानात बसून-बसून वाळून जाईल आणि मी डबे पाठवत राहीन.

तू माझी माफी मागू नकोस. माझं मी पाहून घेईन. जे उघडं पडलं ते त्यांचं होतं, तर त्यांनाच लिही. बंद लिफाफ्यात, दुकानाच्या पत्त्यावर. मी वाचणार नाही, त्यांनाही विचारणार नाही.

बाबांना नमस्कार. कंबरेला तेल लाव, एकटीनं वाकू नकोस.

तुझीच,
रेणू


आमगाव
दि. ७ सप्टेंबर २०२५

ती. धुरपता आई यांस,
कैलाशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोळ्याच्या आधीच मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. एक तर लिहायची सवय नाही, दुसरं म्हणजे राग होता. आहे. गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण तुम्ही जावयाच्या पाया पडते असं लिहिलं, ते मला वाचवेना. तसं पुन्हा कधी लिहू नका. तुम्ही रेणूची आई आहात. लेकीसाठी कोणाचंही डोकं फिरेल.

लोक काय-काय बोलले ते लिहीत नाही. गिऱ्हाईक तोंडावर हसत नव्हतं, पाठ फिरली की हसत होतं, आणि मी पाठीमागूनही ऐकायला शिकलो होतो. दुर्गाप्रसाद भाऊ तर रोज येऊन माफी मागायचे, त्यानं उलट जास्तच त्रास व्हायचा. मग पोळ्यात कोणाचा तरी बैल मिरवणुकीतून उधळून सरळ मिठाईच्या दुकानात शिरला. त्याचा व्हिडिओ निघाला आणि सारे तिकडे गेले. चला, म्हटलं, त्या बैलाचे उपकार. तरी माझं शटर अर्धंच उघडत होतं.

अशात एक माणूस दुकानात आला. दुसरं गिऱ्हाईक होतं तोवर बाहेरच उभा राहिला. सारे गेल्यावर आत आला आणि दुरुस्तीचं सामान काउंटरवर ठेवलं. मी जोडून पाहिलं, चांगलं चालून राहिलं होतं. मी म्हटलं, भाऊ, यात काहीच बिघाड नाही. तो म्हणाला, माहीत आहे. आणि आत येऊन माझ्या खाटेवर बसला. मला वाटलं, हा आता टिंगल करणार. मी पाना घट्ट धरून उभा होतो, सच सांगतो.

तो रडायला लागला. एवढा मोठा गडी, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्याचंही माझ्यासारखंच. बायकोला लोक बोलतात आणि हा ऐकून घेतो. त्यानं ते गाणं पाहिलं आणि त्याला वाटलं की या जिल्ह्यात आपण एकटेच नाही. डॉक्टरचं नाव विचारायला आला होता. तिथं काय करतात, दुखते का, किती वेळा जावं लागते, कागदावर काय लिहितात, हे सारं त्यानं विचारलं आणि मी सारं सांगितलं. जे मी रेणूशिवाय कोणापुढे तोंडातून काढलं नव्हतं, ते सांगत बसलो. मग त्यानं विचारलं की आता तुमचे उपचार कसे सुरू आहेत. आई, मला खूप शरम वाटली. मी गेलोच नव्हतो. त्याला तसंच सांगितलं.

त्या दिवशी शटर टाकून घरी गेलो आणि घरीच जेवलो. रेणूनं पहिली पोळी माझ्या ताटात ठेवली, तेव्हा मी तिला आधी तू घे म्हटलं. एवढं म्हणायला मला चार वर्षं लागली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं नागपूरला जाणार आहोत. कोणी ओळखीचं भेटलं तर भेटलं. पुढचं डॉक्टरच्या आणि देवाच्या हातात.

रेणू मनानं अजून तुमच्यावर थोडी तिरपी आहे, पण तुमचं नाव निघालं की उठून जात नाही. हर्षितालाही सांगा की एवढी घाबरून राहू नको. गाणी जप म्हणावं, पण आधी बायांना विचारत जा. दिवाळीनंतर आमच्या इथल्या मंडईच्या जत्रेला तुम्ही आणि रेणूचे बाबा दोघंही या. मी घ्यायला स्टेशनवर येईन.

आता एक राहिलं. रेणू विचारते, तो माणूस कोण. माझी आई विचारते, कोण्या गावचा. तुम्हीही पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तो काय दुरुस्तीला घेऊन आला होता, तेसुद्धा मी वर लिहिलेलं नाही. इथं कोणाच्या घरातलं काय बिघडलं यावरून लोक त्याचं घर ओळखतात. जाताना त्यानं मला शपथ घातली नाही, हात जोडले नाहीत, कोणाला सांगू नका असंही म्हणाला नाही. नुसता गेला. ते नाव मी रेणूला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

माया आहे तशी राहू द्या.

तुमचा जावई,
कैलाश